रांजण भरणाऱ्यांचं प्रवचन

शुक्रवार, ४

बिशपसाहेबांनी चहाला बोलावलं तेव्हाच ओळखलं, काहीतरी गळ्यात पडणार. साहेब उगाच चहा पाजत नाहीत. आमच्या चर्चमधली साहाय्यक पाळकाची जागा सहा महिने रिकामी आहे. तिच्यासाठी शेजारच्या ग्रामीण धर्मप्रांतातून अर्ज आलाय, आणि तो कोणाचा, तर कासवाचा.

कासव म्हणजे पाळकांच्या सेमिनरीत चार वर्षं माझ्या खोलीत राहिलेला. शब्द जुळवायला त्याला इतका वेळ लागायचा की त्याचं वाक्य संपण्याआधी तास संपायचा. मला तेव्हा सगळे भोंगा म्हणत. ती नावं आम्ही दोघांनी अजून टिकवून ठेवलीत, अर्थात चारचौघांत नाही.

"तुमचा मित्र आहे. दहा-बारा दिवस राहून या, माणूस बघा, आणि मला मोकळेपणाने लिहा," साहेब म्हणाले. "तुमच्या हाताखाली यायचाय. तेव्हा तुमचा शब्द शेवटचा."

अर्जात कारण स्वच्छ लिहिलंय. पत्नीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यांच्याकडून ते मशीन अडीच तासांवर आहे. आमच्या धर्मादाय रुग्णालयातलं चर्चपासून चालत सात मिनिटांवर.

संध्याकाळी महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या. मंडळाने वर्गणी काढून त्याच रुग्णालयात नवं धुलाईघर बांधलंय, दारावर माझ्या आईच्या नावाची पाटी लागलीय, पुढच्या महिन्यात उद्घाटन. त्यांना आत लावायला आईचा फोटो हवाय. माझ्याकडे आहे तो स्टुडिओतला. आई खुर्चीत बसलेली, गळ्यात चारपदरी हार, आणि कडेला उभी मोलकरीण अर्धी कापली गेलेली. हेडक्लार्कची बायको ती. जन्मात कधी स्वतःचा रुमाल धुतला नाही. फोटो सापडत नाही म्हणून सांगितलं.

ही सगळी त्या एका प्रवचनाची करणी. लग्नघरी द्राक्षारस संपतो, चाकर रांजणांत पाणी भरतात, पाण्याचा द्राक्षारस होतो, आणि भोजनप्रमुख शाबासकी देतो ती नवऱ्या मुलाला. खरं काय झालं ते फक्त रांजण भरणाऱ्यांना ठाऊक असतं आणि ते गप्प राहतात. मग येते माझी आई, बावीस वर्षं रुग्णालयाच्या चादरी धुणारी. सव्वीस वर्षांपूर्वी हे प्रवचन केलं आणि शहरातली जागा मिळाली. ‘एक बाई होती’ म्हटलं की लोक जांभया देतात, ‘माझी आई’ म्हटलं की रुमाल काढतात. हे कसब आहे, यात खोटेपणा नाही. गोष्ट मूळची कुठली ते आता आठवतही नाही, कुठल्याशा मासिकातली असावी. इतकी वर्षं सांगितली की गोष्ट आपलीच होते.

शनिवार, ५

बसने हाडं खिळखिळी केली. थांब्यावर कासव स्कूटर घेऊन उभा होता. एक तास आधीपासून, हे नंतर कळलं. लग्नानंतर त्याच्या घरी मी पहिल्यांदाच येतोय. इतकी वर्षं फोनवर भागवलं.

घर चर्चला चिकटून. पुढे एक खोली, मागे दोन, छत इतकं खाली की मी दारातून आत जाताना आपोआप नम्र झालो. वहिनी दारात आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, केस कुठे ठेवून आलात?" आवाज तोच. बाकी बाई निम्मी झालीय. डाव्या हाताची शीर दंडापर्यंत दोरखंडासारखी फुगलेली, तिथेच सुया टोचतात म्हणे.

त्यांच्यासाठी ओट्यावर एक बाटली असते, पेनाने रेघा मारलेली. दिवसाला एवढंच पाणी, त्यातच चहा, त्यातच औषधं. मला त्यांनी मोठा कप भरून चहा दिला आणि स्वतः समोर बसून मी पिताना बघत राहिल्या. मी तो घाईघाईने संपवला.

भिंतीवर एका म्हातारीचा फोटो आहे. जाड मनगटं, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, फोटो काढणाऱ्याचाच राग आल्यासारखा चेहरा. वहिनींची आई. शेवटची सात वर्षं इथेच होती, चर्चच्या मागच्या अंगणात तिला माती दिली. मनात आलं, महिला मंडळाला फोटो हवा तो असला.

रविवार, ६

उपासनेला एकतीस माणसं. मी मोजली, कारण मोजायला वेळ भरपूर मिळतो. कासव एक वाक्य बोलतो आणि थांबतो. खिडकीबाहेर बघतो. मग दुसरं. आमच्याकडे एवढ्यात निम्मे लोक मोबाइल काढतील. इथले मात्र बसून राहतात. बस उशिरा येते पण येते हे ठाऊक असलेल्या माणसांसारखे.

उपासनेनंतर दारात मला सगळ्यांनी एकच विचारलं, "तुम्ही पुढच्या रविवारी बोलणार ना?" म्हणजे इथेही भोंग्याची कीर्ती पोचलीय. बरं वाटलं, कशाला खोटं बोला.

मंगळवार, ८

काल वहिनींचा मशीनचा दिवस होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पावणेपाचला दुधाचा टँकर जातो, त्याच्या ड्रायव्हरशेजारी बसून त्या जातात. चार तास मशीनवर आणि परतीला जी मिळेल ती बस. दुपारी तीनला आल्या तेव्हा पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारख्या दिसत होत्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, "जेवलात का वेळेवर? ह्यांच्या भरवशावर राहिलात तर उपाशी मराल."

मी कासवाबरोबर फेरीला गेलो होतो. एक अंथरुणाला खिळलेला सुतार आहे. त्याच्या उशाशी उभा राहून मी चांगली दहा मिनिटं प्रार्थना केली. डोळे उघडले तर कासव पायथ्याशी बसून त्या माणसाच्या पायाची नखं कापत होता. प्रार्थना चालू असताना! बाहेर आल्यावर मी बोललोही.

"अरे, ती आत वळली होती," कासव म्हणाला.

"पण पाळकाने?"

त्याने बराच विचार केला. "डॉक्टर एवढ्या लांब येत नाही ना," म्हणाला.

याला शहरातली मंडळी काय म्हणतील ते मला दिसतंय. आमच्याकडे पाळकाने कापायची ती फीत.

गुरुवार, १०

कासव जागेबद्दल चकार शब्द काढत नाही. वहिनींनी मात्र आज भांडी पुसता पुसता सरळच विचारलं.

"बिशपसाहेबांनी पाठवलंय ना तुम्हाला?"

"छे, छे. विश्रांतीला आलोय."

"विश्रांतीला इथे कोण येतं?" म्हणाल्या आणि ताटली फडताळात ठेवली. "भावजी, डॉक्टर म्हणतात मशीनने मरत नाही माणूस, प्रवासाने मरतो. मागच्या महिन्यात दोनदा परतीच्या बसमध्ये शुद्ध गेली माझी. ह्यांना एकदाचंच सांगितलंय."

मी म्हटलं, प्रभू बघून घेईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच वाक्य पोरकट वाटलं.

मी विचार करतोय. माणूस उत्तम आहे, प्रश्नच नाही. पण चारशे माणसं त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत बसणार आहेत का? नाही बसणार. आणि बसली तर? तर मग माझं काय, हाही प्रश्न आहेच. लिहून टाकलं, आता खोडत नाही.

शनिवार, १२

उद्याचं प्रवचन. मी येताना पेटीतून चार आणली होती. प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर ते कुठे आणि कधी केलं त्याची नोंद असते, नाहीतर एकाच ठिकाणी तेच दोनदा सांगितलं जाईल आणि पाळकाचं हसं होईल. ‘रांजण भरणारे’च्या पानावर आता जागा उरलेली नाही, कडेला उभं लिहावं लागतं. या धर्मप्रांतात मात्र एकदाही केलेलं नाही. हेच करणार. खेड्यातल्या कष्टकरी माणसांना यापेक्षा जवळचं काय असणार?

कासवाने विचारलं, "कशावर बोलणार?"

"ऐक उद्या," म्हटलं. "कान धुऊन बस."

रविवार, १३

असं प्रवचन मी दहा वर्षांत केलं नव्हतं. चर्च भरलं होतं, मागे लोक उभे. आवाज असा लागला की माईकची गरजच पडली नाही.

आईपाशी आलो आणि चर्च चिडीचूप झालं. सुई पडली असती तर ऐकू आली असती. मी सांगत होतो, माझी आई पहाटे उठून रुग्णालयाच्या धुलाईघरात जायची, क्लोरीनने तिच्या बोटांची सालं निघायची. ती म्हणायची, बाळा, चादरीवर नाव नसतं, डाग असतो. मी त्या डागासाठी प्रार्थना करते. एरवी या वाक्याला पहिला रुमाल निघतो. इथे कुणी रुमाल काढला नाही. सगळे माझ्याकडे नुसते बघत राहिले. पेटी वाजवणाऱ्या बाईंचे दोन्ही हात तोंडावर होते. वहिनी मध्येच उठून मागच्या दाराने अंगणात गेल्या. स्वतःची आई आठवली असणार. शब्दाची ताकद ही अशी.

दारात लोक माझा हात हातात घेत होते पण बोलत नव्हते. एका म्हाताऱ्याने तेवढं विचारलं, "तुमच्याही आई होत्या का धुलाईघरात?" मी म्हटलं, हो आजोबा. तो म्हणाला, "असं, असं," आणि काठी टेकत निघून गेला.

जेवताना कासव म्हणाला, "आवाज छान लागला तुझा. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं." वहिनींना बरं वाटत नव्हतं, त्या पडून होत्या.

सोमवार, १४

हे लिहावं की नाही याचा अर्धा दिवस विचार केला.

वहिनी पहाटेच मशीनला गेल्या होत्या. मी चर्चच्या मागच्या अंगणात हिंडत होतो. चर्च झाडणाऱ्या मावशी म्हातारीच्या थडग्यावरची पानं गोळा करत होत्या. मला बघून कमरेला हात लावून उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, एक विचारू? रागावू नका."

"विचारा की."

"काल तुम्ही आमच्या आजींची गोष्ट तुमची आई म्हणून सांगितलीत. तुमच्या शहरात तशी बोलायची पद्धत आहे का?"

मला काही कळेना. मावशींनी झाडूच्या दांड्याने थडगं दाखवलं. "ह्या आजी. बावीस वर्षं चादरी धुतल्या त्यांनी. आमचे पाळक दर वर्षी त्यांच्या स्मरणाच्या दिवशी हेच सांगतात. रांजण, लग्न, चादरीवरचा डाग. आमच्या नातवंडांना पाठ आहे. आम्हाला वाटलं, मोठी माणसं प्रेमाने म्हणत असतील दुसऱ्याच्या आईला आपली आई."

"हो," मी म्हटलं. "तसंच ते. प्रेमाने."

"तेच मी सगळ्यांना सांगत होते," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या.

आधी आला तो राग. म्हटलं, कासवाने माझं प्रवचन चोरलं! खोलीवर येईपर्यंत तो राग टिकला. मग एकेक आठवत गेलं. शेवटच्या वर्षाची प्रवचनाची परीक्षा. कासवाचा घसा बसला होता, त्याने लिहिलेले कागद माझ्या हातात दिले, तू वाच माझ्याऐवजी म्हणाला. मी वाचलं. प्राध्यापक उठून उभे राहिले, त्यांनी माझाच हात हातात घेतला. मी त्यांना सांगितलं असेल की हे कासवाचं आहे. नक्की सांगितलं असेल. त्याचं तेव्हा लग्न ठरलं होतं, आम्ही त्याला चिडवत होतो, जगात पहिल्यांदाच कुणीतरी सासूवर प्रवचन लिहिलं म्हणून. कागद माझ्याकडे राहिले. त्याने परत मागितले नाहीत. मागायला हवे होते. माणसाने आपली वस्तू मागावी.

दुपारी मी त्याच्याजवळ विषय काढला. तो चर्चच्या खिडकीची बिजागरी बसवत होता.

"ते प्रवचन..." मी म्हणालो.

तो थांबला. नेहमीसारखा बराच वेळ. "तुझ्याकडे कागद राहिले होते ना," म्हणाला. "बरं झालं, उपयोगी पडले. मला असं सांगता आलं नसतं." आणि वर मला म्हणतो, "तो स्क्रू दे."

शिवी दिली असती तर परवडलं असतं. असल्या चांगुलपणाचा मला तिटकारा आहे. समोरच्याला उभं राहायला जागाच ठेवत नाही.

बुधवार, १६

पहाटे उठून वहिनींबरोबर टँकरने गेलो. एवढं तरी करावं असं वाटलं. रस्ता म्हणजे खड्ड्यांची माळ. ड्रायव्हरने वहिनींसाठी सीटवर उशी बांधलीय.

मशीन सुरू झालं. नळ्यांतून त्यांचं रक्त बाहेर जाताना दिसत होतं. मी दुसरीकडे बघत होतो.

"इकडे बघा, भावजी," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक आहे, मावशींनी तुम्हाला सांगितलंय. आता ऐका. माझी आई प्रार्थना-बिर्थना काही करत नव्हती."

"म्हणजे?"

"शिव्या द्यायची. चादर पाण्यात बुडवायची आणि ज्याने घाण केली त्याच्या सात पिढ्या काढायची. डॉक्टरांना शिव्या, मुकादमाला शिव्या, क्लोरीनला शिव्या. प्रार्थना ह्यांनी घातली. मी विचारलं तर म्हणाले, प्रवचनाला लागते." त्या हसल्या, मग थकून डोळे मिटले. "पण निदान तिला ओळखत तरी होते ते. शेवटी तिचे हात तेच चेपायचे."

मी म्हटलं, वहिनी, मला खरंच आठवत नव्हतं. मी हे मनापासून म्हटलं.

"असेल. मला त्या प्रवचनाचं काही नको. तुम्ही ठेवा ते. आई तुमची होती म्हणून आणखी पन्नास वर्षं सांगा, मी चारचौघांत ब्र काढणार नाही." मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "मला ती जागा द्या. एवढंच. प्रवचन ठेवा आणि जागा द्या. मला जगायचंय, भावजी. ह्यांना माझ्याशिवाय नखंसुद्धा कापायला जमत नाहीत. स्वतःची."

मला रडू आलं. मी त्यांच्या सुया नसलेल्या हातावर हात ठेवून सांगितलं, मी स्वतः पत्र लिहीन. शब्द दिला.

"शब्द तुमच्याकडे पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या. "हा पाळा म्हणजे झालं."

शुक्रवार, १८

घरी. निघताना कासवाने स्कूटरवरून थांब्यापर्यंत सोडलं. बस दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा होता. मी मागे वळून पाहिलं म्हणून कळलं.

संध्याकाळी अध्यक्षीणबाईंबरोबर रुग्णालयात जावं लागलं, धुलाईघराची पाटी पाहायला. काळा दगड, सोनेरी अक्षरं. पाळकसाहेबांच्या मातोश्रींच्या पावन स्मृतीस, ज्यांनी बावीस वर्षे इत्यादी. खाली ते वाक्यही कोरलंय, डागाचं. अक्षरं सुबक आहेत.

डायलिसिसचा विभाग कुठे आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. तो धुलाईघराच्या शेजारीच आहे. पाटीसमोरूनच आत जावं लागतं.

रविवार, २०

पत्र लिहायला बसलो, उठलो. पुन्हा बसलो.

वहिनी बोलणार नाहीत, त्यांनी शब्द दिलाय. कासव तर बोलत नाहीच. पण अध्यक्षीणबाई आठवड्यातून तीनदा रुग्णालयात असतात. त्या कुणाच्याही खाटेशी बसून चौकशा करतात, तुमचं माहेर कुठलं, आई काय करायच्या. वहिनींना मशीनवर चार तास पडून राहायचंय. बाईमाणूस किती दिवस गप्प बसेल? मी माझ्यासाठी म्हणत नाही. मंडळीचा विश्वास उडाला तर कितीजण प्रभूपासून दूर जातील. एका माणसाच्या सोयीसाठी चारशे लोकांच्या श्रद्धेशी खेळायचं का, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

आणि कासवाला इथे काय मिळणार? तिथे त्याला लोक जीव लावतात. इथे तो कोपऱ्यात पडून राहील.

सोमवार, २१

पत्र पाठवलं. तीन पानं झाली. माझ्या हातून इतकं चांगलं क्वचितच उतरलं असेल. एकही शब्द खोटा नाही, ही गोष्ट मला मुद्दाम नोंदवून ठेवायची आहे. सुताराच्या पायाची नखं लिहिली. थांबून थांबून बोलणं आणि लोकांचं वाट बघणं लिहिलं. ‘असा मेंढपाळ आज दुर्मीळ आहे. त्याला त्याच्या कळपापासून तोडणे हा त्या ग्रामीण मंडळीवर अन्याय होईल, आणि मित्र म्हणून कितीही मोह झाला तरी तो अन्याय माझ्या हातून होऊ नये, अशी माझी प्रार्थना आहे.’ पत्नीच्या आजाराचाही उल्लेख केला. त्यांच्या धर्मप्रांताने एखाद्या गाडीची सोय करावी अशी आग्रहाची शिफारस केली. म्हणजे प्रवासाचा प्रश्नही सुटतो.

रात्री चांगली झोप लागेल असं वाटतंय.

गुरुवार, १

साहेबांचा फोन. "तुमच्या पत्राने माझे डोळे उघडले," म्हणाले. "आपण सारखं शहराचंच बघतो." जागेवर दुसऱ्या कुणाला तरी घेणार आहेत, तरुण आहे, गिटार वाजवतो.

शनिवार, १७

धुलाईघराचं उद्घाटन झालं. मी ‘रांजण भरणारे’ थोडक्यात सांगितलं, सांगणं भागच होतं. लोक रडले. आज मलाही रडू आवरेना, त्यामुळे आणखीच रडले.

मंगळवार, २७

आज दुपारी कासवाचा फोन आला. महिनाभर मीच केला नव्हता. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर हा पठ्ठ्या माझे आभार मानतोय! आमच्या साहेबांनी ते पत्र त्यांच्या साहेबांकडे पाठवलं आणि त्यांनी पाळकांच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

"उभं केलं रे मला," कासव म्हणाला. "एवढं चांगलं मला कधी कुणी म्हटलं नव्हतं. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. जागेचं काय, नसतात काही गोष्टी आपल्या नशिबात. तू प्रयत्न केलास."

मी विचारलं, गाडीचं काय झालं.

"गाडी? नाही, टँकरच आहे. ड्रायव्हर भला आहे. आता तिला शनिवारीही बोलावलंय, चार वेळा करायला सांगितलंय." मग फोनपासून तोंड बाजूला करून कुणाशी तरी बोलला. "थांब, ती बोलतेय तुझ्याशी. अंथरुणातच आहे, जरा हळू बोलते, नीट ऐक."

मी फोन कानाशी दाबून धरला. पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला.

"भावजी, पत्र ऐकलं मी," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना दोनदा वाचायला लावलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फार सुंदर लिहिलंय. आणि हे मात्र तुमचं स्वतःचं आहे. कुणाकडून घेतलेलं नाही."

सवयीने माझ्या तोंडून ‘आभारी आहे’ गेलं, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.